मदत हवी आहे: नोकरी नेपाळात, घर नागपुरात, रिटर्न कसं भरायचं?

नमस्कार मंडळी,

माझा नवरा इथल्या एका बांधकाम कंपनीत सिव्हिल इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास कंपनीने त्याला पूर्व नेपाळातल्या एका जलविद्युत प्रकल्पावर पाठवलं. मी, मुलगी आणि सासूबाई मनीषनगरलाच आहोत. मूळ पगार पूर्वीसारखा नागपूरच्या खात्यात येतो, त्यावर टीडीएस कापला जातो. साइट भत्ता तिथल्या बँकेत नेपाळी रुपयांत जमा होतो आणि त्यावर तिथे कर कापतात. २०२५-२६ चं रिटर्न ३१ जुलैच्या आत भरायचं आहे आणि घोडं पहिल्याच प्रश्नावर अडलंय: या वर्षापुरता तो करासाठी भारतात निवासी धरायचा की अनिवासी?

मी वाचलं ते असं, की नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी निवासी ठरायला भारतात ६० दिवस राहिल्याची अट लागत नाही, १८२ दिवसांचीच लागते. एप्रिलपासून घटस्थापनेपर्यंत पावणेसहा महिने होतातच. त्यात तो दिवाळीला आला, फेब्रुवारीत नणंदेच्या लग्नाला आला. म्हणजे १८२ पार झाले असणार. पण ऑफिसातले लोक सांगतात, "बाहेर काम केलं म्हणजे एनआरआय झाला, तो भत्ता दाखवूच नका." मला हे अजिबात पटत नाही. उद्या नोटीस आली तर उत्तर आम्हाला द्यायचंय.

दुसरी अडचण पुराव्याची. तो विराटनगरहून जोगबनीला सायकलरिक्षाने सीमा ओलांडतो आणि पुढे रेल्वे धरतो. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, शिक्काही मारत नाहीत. पासपोर्ट उघडला तर पानं कोरी. दुबईला गेलेल्या माणसाला नुसता पासपोर्ट दाखवून दिवस मोजता येतात, आम्ही काय दाखवायचं?

तिसरं, नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावण ते आषाढ, म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढच्या जुलैच्या मध्यापर्यंत. तिथल्या हिशेबनिसाने सुरुवातीला त्याला अनिवासी धरून सरसकट २५ टक्के कापले. तिथे निवासी ठरायचा नियम ३६५ दिवसांत १८३ दिवस मुक्कामाचा आहे आणि ते दिवस तर आता भरलेत. मग तो तिथेही निवासी आणि इथेही?

छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीशी संबंधित किंवा आयकर खात्यातून निवृत्त झालेलं कुणी इथे असेल तर कृपया मार्ग दाखवा. आमचे सीए चांगले आहेत, पण नेपाळचं प्रकरण त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलंय.

प्रतिसाद:

ताई, तुमचा संशय रास्त आहे. १८२ दिवस सलग लागत नाहीत, वर्षभरातली बेरीज बघतात. दिवाळी आणि लग्नाचे दिवस त्यात येणारच. बेरीज १८२ किंवा जास्त भरली की ते निवासी, आणि निवासी माणसाला बाहेरचं उत्पन्नही इथे दाखवावं लागतं. रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालणार नाही, आयटीआर-२ भरा. तिथलं बँक खातं त्यातल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) टाका, शिल्लक किरकोळ असली तरी. त्यात कॅलेंडर वर्षाचा हिशेब मागतात, म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचा; इथे बरेच जण गोंधळतात.

दोन्हीकडे निवासी ठरले तर दुहेरी कर टाळण्याचा भारत-नेपाळ करार बघायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये सह्या झाल्या, मार्च २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम ४ आधी कायमचं घर कुठे ते विचारतं, मग कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जवळचे ते. बायको, मुलगी, आई नागपुरात आणि तिकडे कॅम्पातली खोली. पारडं भारताकडे झुकतं. मात्र म्हणून नेपाळचा कर सुटत नाही. काम तिथे केलंय आणि मुक्काम १८३ दिवसांच्या वर गेलाय. तिथल्या कामापोटी नागपुरात जमा होणारा पगारसुद्धा नेपाळच्या लेखी तिथलंच उत्पन्न आहे, तेव्हा हे कंपनीला आत्ताच विचारून ठेवा. दोनदा कर पडू नये म्हणून फॉर्म ६७ (परदेशात भरलेल्या कराचा तपशील) भरून तो कर इथल्या करातून वजा करून घ्यायचा. पण त्या उत्पन्नावर भारतात जेवढा कर बसतो तेवढीच वजावट मिळते. २५ टक्क्यांतला जादा कापलेला भाग इथे मिळणार नाही, तो नेपाळकडूनच मागावा लागेल.

पुराव्यासाठी साइटचं हजेरी मस्टर सगळ्यात भक्कम. सोबत रेल्वेची तिकिटं आणि दोन्हीकडच्या एटीएम व्यवहारांच्या तारखा लावा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. मस्टरच्या सही-शिक्क्याच्या प्रती मागवायला आजच सांगते. नेपाळच्या आंतरिक राजस्व विभागाकडून असा जादा कापलेला कर कुणी परत मिळवला आहे का? अर्ज कंपनीने करायचा की त्याने स्वतः?