अनुभव धागा: दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी आणि तो दिवस

मीनल_को
काल कपाट आवरताना बाबांची फाईल हाती लागली. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात गेला होता. तपासणीला निघताना आईने त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, एकेक बटण तिनेच लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "काका, कपडे स्वतः घालता?" बाबा ताठ बसून म्हणाले, "हो तर! माझं मी सगळं करतो." आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. 36 टक्के दिव्यांगत्व लिहून आलं. 40 च्या आत दिव्यांग ओळखपत्र म्हणून पांढरं कार्ड, आणि पेन्शन, सवलती बहुतेक सगळं 40 पासून पुढे. फेरतपासणीला आईच बोलली, बाबा खाली मान घालून ऐकत होते. तेव्हा त्यांचा राग आला होता. आता नाही येत.
तुमचंही लिहा. ज्यांना जायचंय त्यांना धीर येईल.

सुधीर औंध
अगदी आमचे अण्णा! पाहुण्यांसमोर सांगावं तसं "ठणठणीत आहे" म्हणाले.
एक सांगतो, प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना नाव आधारवर आहे तस्संच टाका. आमचा दीड महिना दत्तात्रय की दत्तात्रेय यात गेला.

गौरी_प
लेकाची बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघायची. मूल झोपलेलं लागतं, म्हणून रात्री जागवलं. पठ्ठ्या स्वारगेटला रिक्षात गाढ झोपला आणि रुग्णालयाच्या दारात टक्क जागा! मग जिन्याखाली बसून छातीशी धरलं, गुणगुणत राहिले. ऐकू येत नाही त्याला, पण छातीतली थरथर कळते. झोपला.

मीनल_को
गौरी 🥺

नानाची_सून
कुकर लावलाय, घाईत लिहिते. सासऱ्यांना कंपवात (पार्किन्सन). 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या 7 प्रकारांचे 21 झाले त्यात तो आला. गोळीचा असर असतो तेव्हा ते बरे दिसतात, दोन तासांनी घास तोंडापर्यंत जात नाही. मी आठवडाभर वहीत लिहून ठेवलं, गोळी किती वाजता, चहा किती वाजता सांडला. डॉक्टरांनी ती वही नीट वाचली हो, पान उलटून. शिट्टी झाली, आले.

सुधीर औंध
वहीची कल्पना फार मोलाची.

तळेगावचा_संजू
प्राप्तिकरात दिव्यांगांना मिळणारी वजावट (1961 च्या कायद्यातलं कलम 80यू) कुणी घेतं का? 75 हजारांची वजावट, 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. फक्त जुन्या करप्रणालीत. आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.
गौरीताई, लेक केवढा झाला आता?

गौरी_प
दुसरीत. शेजारी बसून पाढे टाळतोय 😄

रेवती हडपसर
गुरुवारी आईला घेऊन जायचंय. गुडघ्यांचं नाही, पोलिओचा पाय आहे. 64 वर्षं कुणापुढे बोललीच नाही त्याबद्दल. काय काय न्यायचं?

नानाची_सून
जुने एक्सरे, डिस्चार्ज कार्ड, आधार, फोटो, सगळ्याच्या दोन झेरॉक्स. डबा आणि पाणी. साडीखाली कॅलिपर (पायाला आधाराची पट्टी) असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, सगळ्यांसमोर तिला कुणी विचारायची वेळ येऊ देऊ नकोस.

रेवती हडपसर
हे सुचलंच नव्हतं. एकटीच आहे मी बरोबर, रांगेत तिला कुठे बसवू हीच काळजी.

मीनल_को
गुरुवारी मला सुट्टी आहे. रांगेत मी उभी राहते, तू आईजवळ बस. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघ.