बायसेक्टच्या आधी हे बघा

लिनक्सच्या नव्या कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) दुसऱ्या इंटरफेसने (नेटवर्क जोडणीने) येणारी पॅकेट्स गडप होतात, या तक्रारीवर थेट गिट बायसेक्टला बसा, म्हणजे कमिट (कोडमधले बदल) निम्मे-निम्मे करत दोषी कमिट शोधा, असं कुणी सुचवलंय. बायसेक्ट करावंच, 1000 कमिट असले तरी साधारण 10 बिल्डमध्ये भागतं. पण आधी दोन्ही कर्नलवर पॅकेटचा मार्ग सांगणारी 'आयपी रूट गेट' ही कमांड चालवा, 'फ्रॉम' (पाठवणाऱ्याचा पत्ता) आणि 'आयआयएफ' (पॅकेट ज्या इंटरफेसने आत येतं तो) देऊन. नुसता पत्ता दिलात तर बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा मार्ग दिसतो, आणि तुमचं दुखणं आत येणाऱ्याचं आहे. उत्तरात 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक' आलं, तर बहुधा आरपी फिल्टरनेच, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता परतीच्या मार्गाशी जुळतो का ते तपासणाऱ्या सेटिंगनेच, अडवलंय. इथे भलेभले फसतात: इंटरफेसवर हे सेटिंग 0 (बंद) ठेवलं तरी 'ऑल'मध्ये, म्हणजे सगळ्या इंटरफेसच्या सामाईक सेटिंगमध्ये, 1 (चालू) असेल तर दोन्हींतली मोठी किंमतच लागू होते. अपग्रेडमध्ये सिसकंट्रोलच्या (कर्नलची सेटिंग्ज ठरवणाऱ्या) फाइली बदलल्या असतील, तर कर्नलमध्ये दोषी कमिट सापडणारच नाही.