घरांच्या किमती आणि रोजगार: कारण कोणते आणि परिणाम कोणता?

प्रश्न (प्रबंधार्थी)

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी शहरांतील घरांच्या किमती आणि श्रमबाजार यांच्या संबंधावर काम करत आहे. आराखडा साधा होता: शहरनिहाय किमतींतील वाढ आणि रोजगारातील वाढ शेजारी ठेवायची, लोकसंख्या व शिक्षण यांचा प्रभाव वेगळा काढायचा आणि उरलेला सहसंबंध मोजायचा. परंतु मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत विचारले की यात किंमत हे कारण आहे की परिणाम, आणि मला उत्तर देता आले नाही. वाचन वाढवले तसा गोंधळही वाढला. काही निबंधांत घरांच्या किमती वाढल्यामुळे रोजगार वाढल्याचे दिसते, तर काहींत महाग घरांमुळे कामगार चांगल्या वेतनाच्या शहरांपासून दूर राहतात असे म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? आल्बर्ट साईझ यांचे पुरवठ्याच्या लवचीकतेचे, म्हणजे किंमत वाढली की शहरातील घरे किती वाढतात याचे, आकडे ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणून (किमतीला हलवणारा, पण रोजगारावर थेट परिणाम न करणारा घटक म्हणून) वापरल्यास ही अडचण सुटेल का?

उत्तर १ (नगर-अर्थ)

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, कारण किंमत ही स्वतःहून हलत नाही; तिला कोणी तरी हलवलेले असते. म्हणून प्रश्न किमतीपासून सुरू करू नका, धक्का, म्हणजे मागणीत किंवा पुरवठ्यात बाहेरून झालेला बदल, कोठून आला येथून सुरू करा.

शेर्विन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये मांडलेली चौकट येथे उपयोगी पडते. लोक आणि उद्योग दोघेही स्थलांतर करू शकतात असे मानले, तर एखाद्या शहरात राहण्याचा जादा फायदा फार काळ टिकत नाही; लोक येत राहतात आणि भाडी वाढून तो फायदा गिळून टाकतात. आता शहर महाग होण्याची दोन कारणे घ्या. तेथील उद्योग अधिक उत्पादक असतील तर वेतन आणि भाडे दोन्ही चढतात. केवळ हवामान सुखद असेल तर भाडे चढते, पण वेतन मात्र तुलनेने कमी राहू शकते, कारण हवामानाची किंमत कामगार वेतनातूनही मोजतो. भाडे दोन्हीकडे चढते, पण वेतनाशी त्याचे नाते उलट असू शकते. नुसता सहसंबंध मोजणाऱ्या आराखड्यात या दोन्ही प्रकारची शहरे एकत्र मिसळतात, आणि येणारा आकडा कोणत्याच शहराचे वर्णन करत नाही.

त्यात पुरवठा जोडा. मागणी तेवढीच वाढली, तरी जेथे बांधकाम सहज होते तेथे घरे वाढतात आणि माणसे येतात. जेथे नियमांमुळे किंवा भूगोलामुळे बांधकाम अडते तेथे घरांऐवजी किंमत वाढते. पीटर गॅनाँग आणि डॅनियल शोग यांनी २०१७ मध्ये हाच धागा अमेरिकेच्या राज्यांवर लावला. १८८० ते १९८० या शतकात तेथील गरीब आणि श्रीमंत राज्यांच्या उत्पन्नांतील अंतर दरवर्षी सुमारे १.८ टक्के या वेगाने कमी होत गेले, आणि नंतर तो वेग मंदावला. त्यांचे स्पष्टीकरण असे की श्रीमंत राज्यांतील घरे महाग झाल्यावर कमी कौशल्याच्या कामगाराला तेथे मिळणारे जादा वेतन घरखर्चातच संपू लागले, तर उच्चशिक्षिताच्या हाती अजूनही काही उरत होते. त्यामुळे स्थलांतराची दिशाच बदलली. नियमांचा जाच मोजण्यासाठी त्यांनी राज्यांच्या अपील न्यायालयांच्या निकालांत ‘भूवापर’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजले, आणि ही युक्ती मला आजही मोहक वाटते.

तुम्ही वाचलेली दुसरी बाजू वेगळ्या वाटेने जाते. आतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांनी २०१४ मध्ये दाखवले की २००७ ते २००९ या काळात घरांच्या किमती कोसळून जेथे कुटुंबांची मालमत्ता अधिक आटली, तेथे उपाहारगृहे आणि किरकोळ दुकाने यांसारख्या स्थानिक ग्राहकांवर चालणाऱ्या व्यवसायांतील रोजगार अधिक घटला. दूरच्या बाजारांत माल विकणाऱ्या उद्योगांत मात्र तसा संबंध आढळला नाही. येथे किंमत कुटुंबाच्या खर्चावाटे रोजगारापर्यंत पोहोचते. गॅनाँग-शोग यांच्या अभ्यासात ती शहरात प्रवेशाचे शुल्क असते. ‘किमतीचा परिणाम’ असे एकच नाव दोन्हींना दिले की गोंधळ होणारच.

उत्तर २ (आकडेपारखी)

इन्स्ट्रुमेंटबद्दल सावध राहावे. साईझ यांनी २०१० च्या निबंधात उपग्रहांच्या माहितीवरून शहराच्या केंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिघात किती जमीन पाण्याखाली आहे आणि किती जमिनीचा चढ १५ टक्क्यांहून अधिक आहे हे मोजले. भूगोल कोणी ठरवून बदलत नाही, म्हणून हे माप निर्दोष वाटते. परंतु इन्स्ट्रुमेंटची अट एवढीच नसते. त्याचा रोजगाराशी किमतीखेरीज दुसरा कोणताही संबंध नसावा लागतो. थॉमस डेव्हिडॉफ यांनी २०१६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला: जमिनीची अडचण असलेली अमेरिकी शहरे बहुधा किनाऱ्यालगतची, सुशिक्षित लोकसंख्येची आणि वाढत्या उद्योगांची आहेत, म्हणजे तेथे मागणीही वेगाने वाढत होती. डोंगर आणि समुद्र पुरवठा अडवतात हे खरे, पण ते माणसांना खेचूनही घेतात.

माझ्या मते या मापावर आधारलेली ती लवचीकता किमतीचे इन्स्ट्रुमेंट म्हणून न वापरता मागणीच्या धक्क्याशी गुणून वापरावी. धक्क्यासाठी बार्टिक पद्धत आहेच: शहरातील उद्योगांचा सुरुवातीचा वाटा घ्यायचा, त्या त्या उद्योगाची देशभरातील वाढ त्याला लावायची आणि त्यावरून शहराची अपेक्षित वाढ काढायची. त्यालाही आक्षेप आहेत, पण निदान धक्का कोठून आला हे वाचकाला सांगता येते.

उत्तर ३ (वाचनवेडा)

चांग-ताय शिए आणि एन्रिको मोरेट्टी यांच्या २०१९ च्या निबंधातील निष्कर्ष प्रस्तावनेत टाकण्याचा मोह तुम्हाला होईल. घरबांधणीवरील निर्बंधांमुळे १९६४ ते २००९ या काळात अमेरिकेची आर्थिक वाढ ३६ टक्क्यांनी कमी झाली, असा तो आहे. ब्रायन ग्रीनी यांनी नंतर त्या गणनेतील चुका दाखवल्या, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उद्धृत करू नये. निर्बंधांमुळे कामगारांचे वाटप बिघडते हा मूळ युक्तिवाद त्या एका आकड्यावर उभा नाही.

आणखी एक सूचना आहे. मालकांची आणि भाडेकरूंची शहरे वेगळी पाहा. अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी १९९६ मध्ये मांडले होते की घरमालकीचे प्रमाण १० टक्के-बिंदूंनी अधिक असेल तर बेरोजगारी सुमारे २ टक्के-बिंदूंनी अधिक आढळते, कारण मालक सहजासहजी शहर सोडत नाही. पुढे डेन्मार्कमधील व्यक्तिनिहाय माहितीत मालक दूरची नोकरी कमी स्वीकारतात असे दिसले खरे, पण जवळची नोकरी ते लवकर मिळवतात, आणि हा दुसरा परिणामच मोठा ठरला. देशांच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्याचा धोका याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला तरी माहीत नाही.

प्रबंधार्थी

सर्वांचे आभार. मी प्रश्न आता असा बदलतो: उद्योगांमुळे मागणी सारखीच वाढलेल्या दोन शहरांपैकी ज्यात पुरवठा अडलेला आहे, तेथे रोजगारवाढ कमी आणि भाडेवाढ अधिक दिसते का? रोजगार घटणारी शहरेही त्याच समीकरणात ठेवली तर चालेल का?

नगर-अर्थ

प्रश्न आता चांगला झाला, पण घटणारी शहरे वेगळी ठेवा. घरे बांधता येतात, पण मागणी गेली म्हणून ती नाहीशी होत नाहीत. एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्योर्को यांनी २००५ मध्ये दाखवले की त्यामुळे शहरे वेगाने वाढतात पण हळूहळू आटतात, आणि आटताना घराची किंमत बांधकामाच्या खर्चाच्याही खाली जाते. म्हणजे बांधकामाचे नियम सैल असलेले शहरही घसरणीच्या वेळी पुरवठा ताठ असल्यासारखे वागते, आणि तुमच्या समीकरणातील एकच गुणक दोन्ही दिशांना लागू पडणार नाही. शिवाय भाडे आणि विक्रीची किंमत हे दोन्ही स्तंभ ठेवा, कारण किमतीत पुढच्या अनेक वर्षांच्या अपेक्षा मिसळलेल्या असतात, तर कामगार या महिन्यात शहरात राहण्यासाठी जे मोजतो ते भाडे असते.