मोठ्या टीमनं नुसतं जिंकावं, की खेळूनही दाखवावं?

मिरजेचा मास्तर
शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. कॉर्नर कसा मारायचा हे दाखवायला त्यांना २०१८च्या वर्ल्डकपमधली फ्रान्स-बेल्जियम सेमीफायनल लावून दिली. ग्रीझमनचा कॉर्नर, जवळच्या खांबाशी उमटिटीचं हेडर, १-०. तिथून पुढं फ्रान्स बस पार्क करून, म्हणजे सगळे मागं गोळा होऊन गोल राखत बसला. शेवटी शेवटी तर एम्बापेसुद्धा चेंडू अडवून वेळ काढत होता. पोरं चुळबुळायला लागली. एकानं विचारलं, "सर, एवढे भारी प्लेअर आहेत, मग असं का खेळतात?" मागून दुसरा लगेच म्हणाला, "अरे, कप कुणी नेला?"

माझं मत पहिल्या पोराच्या बाजूचं आहे. २००४च्या युरोमधल्या ग्रीसला मी अवाक्षरानं बोलणार नाही. क्वार्टर, सेमी, फायनल, तिन्ही १-०. त्यांचा कोच रेहागेल. त्याच्या हाताशी जे होतं, त्यातून त्यानं कप काढला. पण ज्या टीमकडं एम्बापे, पोग्बा, ग्रीझमन आहेत तिनं तसंच खेळायचं? अर्जेंटिनाविरुद्ध १-२ नं मागं पडल्यावर हीच टीम ४-३ नं जिंकली होती. म्हणजे येत होतं, पण गरज पडल्याशिवाय खेळायचं नव्हतं. हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुना स्टॉपर, सांगली
सर, आम्ही आयुष्यभर मागं खेळलो, म्हणून बोलतो. गोल वाचवणं हाही खेळच आहे. २०१०ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची सेमी आठवा, इंटर मिलान विरुद्ध बार्सिलोना. बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर २८व्या मिनिटाला मोट्टाला रेड कार्ड, इंटर दहा जणांवर. एटूसारखा स्ट्रायकर फुलबॅकच्या जागी येऊन टॅकल करत होता! मेस्सी, झावी समोर असताना तासभर जागा द्यायची नाही म्हणजे काय, हे मागं खेळलेल्यालाच कळतं. बार्सिलोनाच्या पिकेचा एक गोल झाला, तोही ८४व्या मिनिटाला. पण घरच्या पहिल्या मॅचमधल्या आघाडीवर इंटर फायनलला गेलं आणि कप घेऊनच आलं. त्या रात्री मी जागचा हललो नाही. याला रटाळ म्हणणाऱ्याशी माझं जमायचं नाही.

शिट्टीवाला
मी स्थानिक मॅचना पंच असतो. बघणाऱ्याला काय मिळतं याचा विचार खुद्द फिफाला करावा लागलाय. १९९० च्या वर्ल्डकपमध्ये लीड मिळाली की चेंडू मागं गोलकीपरकडं, त्यानं हातात घ्यायचा, परत डिफेंडरला द्यायचा, असंच चालायचं. म्हणून १९९२ ला बॅकपासचा नियम आला: आपल्याच माणसानं पायानं मुद्दाम मागं दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. १९९४ च्या वर्ल्डकपला विजयाचे दोनाऐवजी तीन गुण केले. नुसतं जिंकणं पुरेसं असतं तर नियम बदलायची गरज काय होती?

कुंडलकर
आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात नवखी पोरं बरोबरीत सुटली तरी लोक टाळ्या वाजवतात. पण शेवटच्या, मोठ्या इनामाच्या कुस्तीत नावाजलेले पैलवान नुसती खडाखडी करत राहिले, तर पब्लिक ऐकून घेत नाही. कुस्ती निकाली पाहिजे! नाव मोठं झालं की मागणीही मोठी होते. मास्तरांचं बरोबर आहे.

मिरजेचा मास्तर
स्टॉपर, इंटरचं मान्य. दहा जणांवर आल्यावर दुसरं काय करणार? ती मॅच मीही पोरांना दाखवीन. माझं भांडण डिफेन्सशी नाही. हातात सगळं असताना राखून खेळणाऱ्याशी आहे.

आणि बिनधास्त खेळलं की हरायला होतं, हे मला मान्य नाही. लोक लगेच १९८२ च्या वर्ल्डकपमधला ब्राझील काढतात. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव. इटलीशी बरोबरी पुरेशी असताना पावलो रॉसीनं तीन मारले आणि ३-२ नं बाहेर. ठीक आहे, हरले. पण २०२५ ची चॅम्पियन्स लीग फायनल बघा. म्युनिकला पॅरिसच्या पीएसजी क्लबनं इंटरला ५-० नं धुतलं. फायनलमधला आजवरचा सगळ्यात मोठा विजय. एकोणीस वर्षांच्या दुएचे दोन गोल. चार गोलांची लीड असताना बदली आलेला मायुलू, तोही एकोणीसचाच, ८६व्या मिनिटाला पाचवा मारून आला. चेंडू गेला की पीएसजीचा फॉरवर्ड डेंबेले स्वतः समोरच्या गोलकीपरवर धावून जायचा, लीड कितीही असो.

पुढच्या सरावाला हीच मॅच लावणार आहे. पोरांना सांगणार, चेंडू सोडून फक्त डेंबेलेकडं बघा.