मदत हवी आहे: डिस्प्ले बदलल्यापासून आईच्या फोनला रेंज नाही

नमस्कार मंडळी. आईच्या अँड्रॉइड फोनची काच फुटली म्हणून गावाजवळच्या एका दुकानात डिस्प्ले बदलून घेतला. टच, कॅमेरा, वायफाय सगळं ठणठणीत, फक्त नेटवर्क गेलं. वर कायम 'नो सर्व्हिस'. दुकानदार म्हणतो बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. आणि आकडा असा सांगतो की थोडी भर घालून नवा फोन येईल. पैसे मोजण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

मी मुंबईत, आई राजापूरकडे. शेजारचा कॉलेजातला मुलगा सांगेन ते करून बघतो. रीस्टार्ट, एअरप्लेन मोड चालू-बंद, नेटवर्क सेटिंग रीसेट हे सगळं झालं; वायफायचा पासवर्ड परत घालावा लागला, एवढाच काय तो परिणाम. फॅक्टरी रीसेट मी करू दिलेलं नाही, नातवंडांचे फोटो त्यातच आहेत. आईचं सिम त्याच्या फोनमध्ये घातलं की लगेच रेंज येते. त्याचं सिम आईच्या फोनमध्ये मुकं.

*#०६# दाबल्यावर दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) दिसतात, खोक्यावरच्या नंबरांशी जुळतातही. 'अबाउट फोन'मध्ये बेसबँड व्हर्जनसुद्धा (नेटवर्कच्या भागाचं सॉफ्टवेअर) आहे. हाताने नेटवर्क शोधलं तर घरात यादी रिकामी. पण टॉवरच्या अगदी पायथ्याशी गेलं की एक काडी येते आणि चक्क कॉल लागतो! बोर्ड मेलाय तर हे कसं?

प्रतिसाद:
आयएमईआय ब्लॉक झालेला नाही ना? सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येतं. नाहीतर रोमन अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा.

प्रतिसाद:
ब्लॉक असता तर टॉवरखालीही लागला नसता. मला ही अँटेनाची वायर वाटते. बऱ्याच मॉडेलांत नेटवर्कची मुख्य अँटेना खाली, चार्जिंगच्या छोट्या बोर्डाकडे असते. तिथून सिग्नल नेणारी एक बारीक कोॲक्स वायर वरच्या मुख्य बोर्डाला जाते. दोन्ही टोकांना टिचबटणासारखे कनेक्टर. डिस्प्ले फ्रेमसकट बदलला असेल तर ती काढावीच लागते, आणि परत बसवताना नीट दाबली नाही की नेमकं हेच होतं. वायफायची अँटेना वेगळी, म्हणून ते चालतं. समोर बसून फोन उघडायला लावा आणि दोन्ही टोकं बघा. वायर नवी घालूनही रेंज आली नाही, तर मग बोर्डावरच्या नेटवर्कच्या आयसीचं (चिपचं) बोलू. तेव्हाही आख्खा बोर्ड लागेलच असं नाही.

प्रतिसाद:
तोवर आईंची अडचण नको. घरात वायफाय आहे तर सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग मिळतंय का पाहा. सिमची कंपनी आणि फोन दोघांनी ते दिलेलं असेल तर टॉवरशिवाय कॉल लागतो. सिम जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालणार असाल तर एक लक्षात ठेवा, जिओचं सिम २जी हँडसेटमध्ये चालणार नाही.

धागाकर्ता:
वायफाय कॉलिंगचा पर्याय सापडला, आईचा फोन आत्ताच येऊन गेला! शनिवारी तो मुलगा दुकानात समोर बसून उघडून घेणार आहे. वायर तुटलेलीच निघाली तर कुठलीही चालते, की मॉडेलप्रमाणे लांबी बघूनच घ्यावी लागते?

प्रतिसाद:
लांबी आणि कनेक्टर दोन्ही जुळायला हवेत. मॉडेल नंबर सांगूनच मागवा.