बॅक्टेरिया मारले की बार्नेकल बसायचे थांबतात का? (समुद्राच्या पाण्याचा पंप)

शिरोलीचा_मोल्डर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फौंड्री अन् मशीनशॉप हाय. कोकणातल्या एका कोळंबी हॅचरीला समुद्राचं पाणी उचलायला पंप दिलता, तो डिस्चार्ज पडला म्हणून परत आला. केसिंग उघडलं तर आत सगळीकडं पांढरे टोकदार खडे, छिन्नीनं बी सुटंनात. तिथला सुपरवायझर म्हणला हे बार्नेकल, म्हंजे खडकाला-होडीला चिकटून बसणारे कवचवाले समुद्री प्राणी, आणि आधी बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर बसतो मग त्याच्यावर हे येतात. मग मला वाटलं बॅक्टेरियाच मारले, क्लोरीन बिरीन टाकून, तर हे बसणारच न्हाईत की. बरोबर हाय का? आम्ही घाटावरची माणसं, समुद्रातलं काय कळत न्हाई, पण परत माल खराब होऊन यायला नको.

सूक्ष्मा_राजारामपुरी:
दादा, मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. सुपरवायझरनी सांगितलं ते अर्धं खरं आहे. समुद्रात काहीही बुडवलं की थोड्या वेळात त्यावर पाण्यातले सेंद्रिय रेणू चिकटतात, काही तासांत बॅक्टेरिया येतात आणि स्वतःभोवती चिकटा सोडून थर करतात, त्यालाच बायोफिल्म म्हणतात. पण बार्नेकलला हा थर लागतोच असं नाही, त्याची पिल्लं स्वच्छ काचेवरही बसतात.

बसण्याआधीची शेवटची अळी म्हणजे सायप्रिड, साधारण अर्धा मिलिमीटर. ती काही खात नाही, अंगातल्या चरबीवर दिवस काढते, आणि एकदा चिकटली की जन्मभर तिथंच. म्हणून पुढच्या दोन मिशांवर अक्षरशः चालत ती जागा चाचपडून बघते. त्या चाचपणीत खालचे बॅक्टेरिया कोणते आणि थर किती जुना यानं फरक पडतो. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की स्यूडोअल्टेरोमोनास नावाच्या एकाच कुळातला ट्युनिकाटा हा बॅक्टेरिया असं रसायन सोडतो की बार्नेकलच्या अळ्या मरतात, आणि त्याचाच भाऊबंद ल्युटिओव्हायोलेसिया हायड्रॉइडिस नावाच्या नळीतल्या किड्याच्या अळ्यांना बसायला बोलावतो. म्हणजे सरसकट सगळे मारलेत तर तुमच्या बाजूनं लढणारे पण गेले.

आणि मारले तरी त्यांचा चिकटा मागं राहतो, शिवाय क्लोरीन बंद केलं की नवा थर काही तासांत सुरू.

शिरोलीचा_मोल्डर:
ताई लई भारी सांगितलंसा. पण मग एकाच कोपऱ्यात गर्दी का? इम्पेलरवर, म्हंजे आतल्या फिरत्या पंख्यावर, जवळजवळ काय न्हाई, आणि व्होल्यूटच्या, म्हंजे त्याच्याभोवतीच्या गोगलगायीसारख्या केसिंगच्या, मागं ढीगच्या ढीग.

सूक्ष्मा_राजारामपुरी:
ते बॅक्टेरियामुळं कमी, त्यांच्या आपसातल्या खुणांमुळं जास्त. सायप्रिड चालताना प्रथिनाचे ठसे सोडते, मोठ्या बार्नेकलच्या अंगावरही तसलंच प्रथिन असतं, आणि ते लागलं की मागून येणारी अळी तिथंच बसते. कारण आहे, शेजारी जवळ असल्याशिवाय त्यांची पैदास नीट होत नाही. डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्यांवर घालवली, ती उगाच नाही.

मालवणचो_झील:
मी मूळचा मालवणचा, सध्या कोल्हापुरात नोकरीला, घरी होडी आहे म्हणून सांगतो. मुख्य गोष्ट पंप बंद कधी असतो ती. पाणी जोरात चालू असेल तर अळीला पाय रोवता येत नाही म्हणून इम्पेलर साफ राहिला, स्टँडबायला पाणी भरून ठेवलेला पंप म्हणजे त्यांना आयतं घर. बंद करताना पाणी काढून टाका, गोड्या पाण्यानं धुवून कोरडा ठेवा. नुकते बसलेले बारके त्यानं जातात, मोठा मात्र झाकण मिटून बरेच दिवस तग धरतो, त्यामुळं महिनाभरानं धुवून उपयोग नाही.

दुसरं, होडीला लावतात तो तांब्याचा रंग बघून तुम्ही तोच आत माराल तर थांबा. हॅचरीचं पाणी आहे, तांबं कोळंबीच्या पिल्लांना पण मारतं. पूर्वी टीबीटी (ट्रायब्युटिल टिन) या कथलाच्या विषारी रसायनाचे रंग होते, त्यानं समुद्रातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले, शेवटी २००१ ला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून बंदी लागू झाली. विषानं सोडवायला गेलं की असं होतं.

सूक्ष्मा_राजारामपुरी:
अगदी बरोबर, हॅचरी आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. क्लोरीनचंही तेच, पिल्लांच्या टाकीत जाण्याआधी ते पूर्ण काढावं लागतं. आणि दादा, खडे वरवर फोडून सोडू नका, खाली पांढरी गोल चकती राहते ती पण घासून काढा, नाहीतर तिच्यातलं प्रथिन पुढच्यांना बोलावत राहतं.

शिरोलीचा_मोल्डर:
चकत्या तशाच हायत ओ, पोरानं वरचंच फोडून ग्राइंडर बाजूला ठेवलाय. उद्या सकाळी पयल्यांदा शॉट ब्लास्ट (लोखंडी छर्रे मारून सफाई) करून घेतो, मग आतून इपॉक्सी. आणि हॅचरीवाल्यांना विचारतो पंप रोज किती तास बंद असतो ते. व्होल्यूटचा तो मागचा कोपरा पॅटर्नमध्येच, म्हंजे ओतकामाच्या नमुन्यातच, जरा भरून घेतला तर पाणी थांबणार न्हाई, ते बी बघतो. ब्लास्टच्या आधीचे फोटो टाकतो, ताई तुम्ही सांगा मोठे कुठले अन् नवे कुठले.

सूक्ष्मा_राजारामपुरी:
नक्की टाका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा म्हणजे माप कळेल. आणि दोन-चार चकत्या माझ्यासाठी काढून ठेवा, पोरांना मायक्रोस्कोपखाली दाखवते.