मिठागरात राबणाऱ्यालाच मीठ घरी नेता येत नसे, हे खरं का?

खाडीकाठची (प्रश्न)
माझं माहेर उरण तालुक्यातलं. आईचे आजोबा मिठागरावर कामाला होते. आई सांगते, संध्याकाळी आगरातून बाहेर पडताना शिपाई त्यांच्या कमरेची गाठ सोडून बघायचा, मूठभर मीठ बांधलंय का म्हणून. मुलगी नववीत आहे. दांडीयात्रेचा धडा वाचून तिने विचारलं, "कर होता म्हणजे मीठ महाग होतं, एवढंच ना? मग खाली पडलेलं उचललं तर अटक कशाला?" मला नीट सांगता आलं नाही. कुणी समजावून सांगेल का? पुस्तकात गुजरातचंच आहे, आपल्या किनाऱ्यावर काय घडलं तेही हवं आहे.

शिरोड्याचा मास्तर
ताई, लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. नुसता कर असता तर दुकानात दोन पैसे जास्त मोजून लोक गप्प बसले असते. 1882 च्या मीठ कायद्याने मीठ करण्याचा आणि विकण्याचा मक्ताच सरकारने आपल्याकडे घेतला. आगर खाजगी मालकाचं असलं तरी परवाना सरकारचा. वाफ्यातून ओढलेल्या मिठाची रास लागली की तिच्यावर पहारा. वजन करायचं, कर भरायचा, पास घ्यायचा, मग गोणी बाहेर. त्यामुळे कर न भरलेलं मूठभर मीठसुद्धा चोरीचा माल ठरायचं. खडकाच्या खळग्यात उधाणाचं पाणी सुकून आपसूक मीठ धरतं ना, तेही उचलायचं नाही. तुमच्या पणजोबांची गाठ सोडायची ती यासाठी.

1930 साली कर होता मणाला सव्वा रुपया. सव्वा रुपयाचे 20 आणे, मणाचे 40 शेर, म्हणजे शेरामागे अर्धा आणा नुसता कर. गिरणीमालकालाही तेवढाच आणि नांगर धरणाऱ्यालाही तेवढाच. उलट उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागतं, गुरांना लागतं, म्हणजे भार त्याच्यावरच जास्त. हा कर उतरवा, असं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1902 च्या अंदाजपत्रकावरच्या भाषणात सांगितलं होतं. तेव्हा तो अडीच रुपये होता, पुढच्या वर्षी दोन झाला. नंतर आणखी उतरला. पण 1923 मध्ये कायदेमंडळाने नाही म्हटलेलं असताना व्हाइसरॉय रेडिंगने आपल्या खास अधिकारात सव्वाचा पुन्हा अडीच केला. वर्षभरात खाली आणावा लागला, पण लोकांच्या प्रतिनिधींना सरकार काय किंमत देतं ते दिसलं.

आमच्या किनाऱ्यावर खरा चटका बसला तो मासे खारवणाऱ्यांना. बांगड्याचा हंगाम ऐन भरात असला की मीठ मणांनी लागतं. त्यासाठी सरकारने ठिकठिकाणी कुंपण घातलेली आवारं केली. स्वस्तातलं मीठ तिथेच मिळणार आणि मासे तिथेच, देखरेखीखाली खारवायचे. आपल्या अंगणात, आपल्या बायकामाणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम आता पहाऱ्यात करायचं. शाळेत शिकवताना मी दांडीच्या आधी हे सांगायचो. कारण कायदा घरात कुठवर शिरला होता ते मुलांना यातून चटकन कळतं.

आता शिरोडं. मे 1930 मध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्रभरातून लोक आले. माझी आजी तेव्हा दहा वर्षांची होती. ती भाषणांचं कधी सांगायची नाही, पायांचं सांगायची. देशावरची माणसं, खाऱ्या पाण्यात कधी उतरलेली नाहीत, त्यांचे पाय चिरले आणि चिरांमध्ये मीठ गेलं. वरून लाठ्या. तिच्या आईने खोबरेल तेल गरम करून दिलं होतं, ते वाटीतून नेताना सांडू नये म्हणून ती हळूहळू चालत गेली, एवढंच तिला आठवायचं. ती वाटी आमच्याकडे अजून आहे.

पेडण्याहून
मास्तरांच्या गावाला लागूनच आमचा गोवा, म्हणून एक भर घालतो. गोव्यात राज्य पोर्तुगिजांचं, तरी इंग्रजांचा मीठकर आमच्या आगरांवरही येऊन बसला होता. 1878 मध्ये दोन्ही सरकारांनी तह केला, 1880 पासून तो 12 वर्षं चालला. गोव्यात मीठ पिकवण्यावर ताबा इंग्रजांचा, बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरवर्षी 4 लाख रुपये. गोव्याचं स्वस्त मीठ घाट चढून ब्रिटिश मुलखात जाऊ नये, हा हेतू. त्या काळात कितीतरी आगर बंद पाडले गेले. ज्यांनी पिढीजात बांध राखले त्यांना कुणी विचारलं नाही.

सुरतेत स्थायिक
विरोध 1930 चा नव्हे, फार जुना आहे. मुंबई सरकारने 1844 मध्ये मिठावरचा कर मणाला 8 आण्यांवरून एकदम रुपया केला. सुरतेत दुकानं बंद, रस्त्यावर दंगल. सरकारने माघार घेऊन कर 12 आण्यांवर आणला. गांधीजींच्या जन्माआधी 25 वर्षं.

एक वाचक
सगळं मान्य. पण 1930 नंतरही कर राहिलाच ना? मग एवढ्या लाठ्या खाऊन मिळालं काय?

शिरोड्याचा मास्तर
राहिला, खरं आहे. मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात एवढंच मिळालं, की मीठ जिथे तयार होतं त्या भागातल्या गावकऱ्यांनी घरापुरतं करावं, गावात विकावं. बाहेर न्यायचं नाही. कर रद्द झाला एप्रिल 1947 मध्ये. पण "घरापुरतं" हा शब्द तुम्हाला लहान वाटत असेल तर वरची गाठ सोडण्याची गोष्ट पुन्हा वाचा. शिवाय 1 जून 1930 ला वडाळ्याच्या मिठागरांवर मुंबईकर हजारोंनी चालून गेले, कमलादेवी चट्टोपाध्याय मिठाच्या पुड्या विकून तुरुंगात गेल्या. बायका अशा उघड्यावर येऊन कायदा मोडतील हे सरकारच्या हिशेबात नव्हतं. मी तरी याला थोडं म्हणणार नाही.

खाडीकाठची
मास्तर, मनापासून आभार. काल लेकीला सगळं वाचून दाखवलं आणि आईला फोन केला. ती म्हणाली, गाठ सोडणारा शिपाई गावातलाच होता, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसायचा. आणि मीठ नेता येत नाही म्हणून तिची आजी आगरातलं दाट खारं पाणी मडक्यात भरून आणायची, भात त्यातच शिजायचा. आईला अजून त्या भाताची कडसर चव आठवते. लेकीला तिच्या तोंडून ऐकायचं आहे, येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत. मासे खारवायच्या त्या आवारांच्या जागा तुमच्याकडे अजून कुणी दाखवू शकेल का?